सातारा जिल्ह्यात नव्याने राहायला आलेल्या पालकांसाठी : पहिलीपासून पदवीपर्यंतची वाट

बदलीमुळे, औद्योगिक वसाहतीतील नोकरीमुळे किंवा मुंबईतील घरभाडे परवडेनासे झाल्यामुळे जी कुटुंबे सातारा जिल्ह्यात राहायला येतात, ती आल्या आल्या शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारतात : इथली चांगली शाळा कोणती? प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धाच आहे. शहरातील मोठ्या शाळेत मूल शिशुवर्गात शिरते आणि दहावी-बारावी होऊनच बाहेर पडते. ग्रामीण जिल्ह्यात सहसा तसे घडत नाही. वाडीवरची शाळा चौथीला संपते, गावातली सातवीला. हायस्कूल शेजारच्या मोठ्या गावात असते, अकरावी विज्ञानासाठी अनेकदा तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते आणि पदवीसाठी सातारा, कराड, फलटण किंवा त्याही पुढे जावे लागते. म्हणजे मुलाच्या शिक्षणात तीन-चार सांधे येतात, आणि माझ्या पाहण्यात मुले मागे पडली ती बहुतेक वेळा या सांध्यांवर : एसटीची वेळ जुळली नाही, दाखला वेळेत मिळाला नाही, एखाद्या परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेला. म्हणून पहिलीत नाव घालतानाच पुढची बारा-पंधरा वर्षे डोळ्यांपुढे ठेवावीत. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने सांगितल्या आहेत.

पहिली पायरी : शाळा कोणाची आहे, हे ओळखणे

जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि ते एकमेकांसारखे नाहीत. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या घाटमाथ्याच्या तालुक्यांत वस्त्या विखुरलेल्या आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर ये-जा होडीने आणि लाँचने होते. माण आणि खटाव हे कमी पावसाचे तालुके, तर कराड, सातारा, वाई आणि कोरेगाव हा नदीकाठचा, दाट वस्तीचा भाग. कराड तालुक्यात दोन हायस्कुलांतून एक निवडण्याची मुभा असते; कांदाटी खोऱ्यात निवड अशी नसतेच, तिथे मुलाला वसतिगृहात ठेवायचे की नातेवाइकांकडे, एवढाच प्रश्न उरतो.

शाळा मुख्यतः चार प्रकारच्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा गावोगावी आहेत, शहरांत नगरपालिकेच्या आहेत. त्यानंतर शासनाचे वेतन अनुदान असलेल्या खाजगी संस्थांच्या शाळा येतात आणि शेवटी फीवर चालणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा. बाहेरून आलेले पालक तिसऱ्या प्रकाराबाबत हमखास फसतात. ‘संस्थेची शाळा’ म्हटले की ती महागडी असणार असे त्यांना वाटते. इथे चित्र वेगळे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्याला आणले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर वाढलेल्या या संस्थेच्या आणि तिच्यासारख्या अन्य संस्थांच्या अनुदानित शाळांनीच ग्रामीण भागातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार उचलला आहे. तेथील मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन शासन देते आणि फी नाममात्र असते. म्हणून चौकशी करताना ‘खाजगी की सरकारी’ असे विचारू नये. ‘अनुदानित की विनाअनुदानित’ असे विचारावे. एकाच आवारात मराठी माध्यमाच्या तुकड्या अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित असू शकतात, तेव्हा हा प्रश्न तुकडीपुरता नेमका विचारावा.

जिल्हा परिषदेकडे केवळ प्राथमिक शाळा असतात, हाही एक गैरसमज. सातारा शहरातील प्रतापसिंह हायस्कूल जिल्हा परिषदेचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

दुसरी पायरी : शाळा प्रत्यक्ष पाहणे

फलक, रंगवलेल्या भिंती आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे यांवरून मत बनवू नये. एखाद्या साध्या दिवशी, शक्यतो शनिवार टाळून, परिपाठाच्या वेळी शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांना भेटावे. पहिला प्रश्न पटाचा आणि शिक्षकांचा असावा. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चौथीपर्यंतच्या लहान शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असणे हा नियमाचाच परिणाम असतो, त्यात कोणाची हयगय नसते. अशा शाळा वाईटच असतात असे मुळीच नाही; दोन मनापासून शिकवणारे शिक्षक आणि तीस मुले हे गणित मला अनेक गर्दीच्या शाळांपेक्षा पसंत आहे. मात्र दोघांपैकी एक जण बदलून गेला आणि जागा रिकामी राहिली, तर वर्ष हातचे जाते. म्हणून मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात काही गैर नाही.

दुसरा प्रश्न माध्यमाचा. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. त्यांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकीचे विषय मराठीतून शिकवले जातात. पुढे विज्ञान शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला ही सोय उपयोगी पडते, परंतु सेमीचा वर्ग सातवीपर्यंत आहे आणि पुढचे हायस्कूल मात्र संपूर्ण मराठी माध्यमाचे आहे, असा खोडा कधी कधी निघतो. म्हणून गावातील शाळा पाहून झाल्यावर तिची मुले पुढे ज्या हायस्कुलात जातात, तेही त्याच आठवड्यात पाहून यावे. परराज्यातून आलेल्या पालकांनी हेही लक्षात घ्यावे की २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा विषय सक्तीचा आहे. लहान वयात आलेले मूल अंगणात खेळता खेळता भाषा उचलते. सातवी-आठवीत आलेल्या मुलाला मात्र पहिले वर्षभर वेगळी मदत लागते, आणि ती शाळेत कोण करणार हे आधीच ठरवून घ्यावे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. नव्या पालकांनी समितीच्या एखाद्या सदस्याशी बोलावे. शाळेची खरी माहिती कार्यालयापेक्षा तिथे लवकर मिळते.

तिसरी पायरी : नाव दाखल करणे

पहिलीत प्रवेशासाठी मुलाचे वय ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होत असले पाहिजे. सोबत जन्माचा दाखला, मुलाचे व पालकांचे आधार, राहण्याचा पुरावा आणि छायाचित्रे न्यावीत. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. परजिल्ह्यातून येत असल्यास तिथल्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शासनाच्या नोंदीतील शाळेचा ओळख क्रमांक) लिहून आणावा, म्हणजे मुलाची नोंद ऑनलाइन प्रणालीतून नव्या शाळेकडे वळवणे सोपे जाते. जुन्या शाळेने फी थकल्याचे किंवा अन्य कारण सांगून दाखला अडवला तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखल्याच्या विलंबामुळे शासकीय वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. आठवीपर्यंत मुलाला त्याच्या वयानुरूप इयत्तेत घेण्याचीही तरतूद आहे. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर हंगामापुरते आलेल्या पालकांच्या मुलांनाही ही तरतूद लागू आहे. स्थलांतर करताना मूळ गावच्या शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन आल्यास इथल्या शाळेत बसणे अधिक सुकर होते.

शाळा टाळाटाळ करत असेल तर वाद न घालता क्रमाने वर जावे : आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, आणि शेवटी जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रारीला पोच नसते.

शाळा सोडल्याचा दाखला घेताना एक गोष्ट अक्षर न् अक्षर तपासावी : मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि जात. या एका कागदावर पुढचे सगळे कागद उभे राहतात. माझ्या परिचयातील एका मुलीच्या दाखल्यावर आडनावात एक वेलांटी ऱ्हस्वची दीर्घ झाली होती; तिचे निवारण करण्यात बारावीनंतरचा अख्खा जून महिना गेला. प्राथमिक शाळेत असताना अशी चूक दुरुस्त करणे सोपे असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर ती उमटली की प्रकरण मंडळापर्यंत जाते.

आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके आणि शालेय पोषण आहार मोफत आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज आणि सोडत असते. वंचित गट आणि वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आतील दुर्बल घटक यांना त्याचा लाभ मिळतो. मात्र ही संधी प्रवेशाच्या पहिल्या इयत्तेलाच मिळते, नंतर नाही.

चौथी पायरी : पाचवी ते नववीतील परीक्षा

हा टप्पा पालक सर्वांत सहज गमावतात, कारण मूल लहान वाटते. खावली येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीपासून बारावीपर्यंत निवास, भोजन आणि शिक्षण यांची सोय केंद्र शासन करते. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अर्ज पाचवीच्या वर्षाच्या सुरुवातीला भरावा लागतो, आणि मूल त्याच जिल्ह्यात राहून तिथेच पाचवीत शिकत असले पाहिजे. चौथीनंतर जिल्हा बदलणाऱ्यांनी ही अट विशेष लक्षात ठेवावी : पाचवीला मूल साताऱ्यात असेल तर खावली, आणि सांगली जिल्ह्यात असेल तर पलूसचे नवोदय.

सातारा येथील सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली आणि ती देशातील पहिली सैनिक शाळा आहे. तिथे सहावी आणि नववीत अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. सहावीसाठी वय ३१ मार्च रोजी दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान आणि नववीसाठी तेरा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान असावे लागते. आता मुलींनाही प्रवेश आहे. नवोदयप्रमाणे ही शाळा विनाशुल्क नाही, हे आधीच समजून घ्यावे. उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या असतात. शहरात नवख्या पालकांना या दोन शाळांच्या तयारीचे शिकवणी वर्ग पावलोपावली दिसतील. चौथीतल्या मुलाची सगळी संध्याकाळ त्यात घालवावी का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला स्वतःला गणिताचा आणि भाषेचा पाया शाळेतच नीट झाला तर सहा महिन्यांचा सराव पुरेसा वाटतो.

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, नंतर ती पाचवी-आठवीकडे गेली, आणि इयत्तांबाबतचे धोरण बदलत आले आहे. तेव्हा त्या वर्षीची इयत्ता शाळेत विचारून घ्यावी. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा मात्र कोणीही सोडू नये. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतील मुलाला ही परीक्षा देता येत नाही. शाळा निवडताना सहसा कोणी याचा विचार करत नाही.

पाचवी पायरी : दहावी आणि अकरावीमधला सांधा

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, त्यामुळे ‘ओळखीच्या सरांना सांगून ठेवले आहे’ हा जुना आधार आता उपयोगाचा नाही. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते. म्हणून पहिल्या क्रमांकावर केवळ नाव मोठे म्हणून एखादे महाविद्यालय टाकू नये. आपल्या गावाहून सकाळी पहिल्या तासाला पोहोचणारी एसटी आहे का, हे डेपोत जाऊन पाहावे आणि मग क्रम लावावा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेचा प्रवास मोफत आहे. पास मोफत असला तरी वेळ मोफत नसतो. रोज तीन तास प्रवास करणाऱ्या मुलीचा अभ्यास दिवाळीनंतर मागे पडतो, असा माझा अनुभव आहे. अशा वेळी संस्थेच्या किंवा समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज जूनमध्येच करावा.

अकरावी हा एकच मार्ग नाही, हेही याच टप्प्यावर मुलाला सांगावे. प्रत्येक तालुक्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे आणि दहावीच्या गुणांवर तिथे ऑनलाइन प्रवेश होतो. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केल्यावर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. कराडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. शिरवळ, खंडाळा आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर या ट्रेडना जवळच काम मिळू शकते. नापास झालेल्या मुलासाठी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या अटीवर, अकरावीत बसता येते. शाळा सुटून गेलेल्यांसाठी सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म आहे.

सहावी पायरी : बारावीनंतर कुठे

जिल्ह्यातील बहुतेक कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालये १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. साताऱ्यातील छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन मात्र २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाची घटक आहेत. परीक्षा, पदवी आणि अभ्यासक्रम यांबाबतची चौकशी तिथे वेगळी करावी लागते. फलटणला मुधोजी महाविद्यालय, कराडला सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय आणि वाईला किसन वीर महाविद्यालय ही आसपासच्या गावांतील मुलांची नेहमीची ठिकाणे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे आहेत.

व्यावसायिक अभ्यासक्रमांत जिल्ह्याची स्थिती पुष्कळ पालकांना वाटते त्यापेक्षा चांगली आहे. १९६० साली सुरू झालेले कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शेजारच्या सांगलीतील १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांतून प्रवेश होतो. कृषीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय कराडला आहे. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला प्रवेश ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो, आणि वैद्यकीयची जागा थोडक्यात हुकलेल्या, जनावरांची आवड असलेल्या मुलांनी ते अवश्य विचारात घ्यावे. वैद्यकीयसाठी साताऱ्यात अलीकडे सुरू झालेले शासकीय महाविद्यालय आणि १९६२ पासूनचे मिरजेचे शासकीय महाविद्यालय हे जवळचे पर्याय होत. कराडजवळच्या मलकापूरला कृष्णा हे अभिमत (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थेचे) विद्यापीठ आहे. अभिमत विद्यापीठातील वैद्यकीय प्रवेश केंद्रीय समुपदेशनातून होतात, फीचे मान निराळे असते आणि राज्याची मुलींसाठीची फीमाफी तिथे लागू नाही.

ही फीमाफी २०२४-२५ पासून आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलीने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. संस्थास्तरावरील कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. म्हणून ‘शेवटच्या फेरीनंतर बघू’ म्हणणारा पालक मुलीची पूर्ण फीमाफी घालवून बसतो. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत याच उत्पन्नमर्यादेत निम्मे शुल्क मिळते, आणि बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. सगळे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने भरावे किंवा नूतनीकरण करावे लागतात, आणि आधारशी जोडलेले बँक खाते चालू नसेल तर मंजूर पैसाही अडकतो.

सातवी पायरी, जी खरे तर दहावीतच उरकायला हवी : कागद

अधिवास दाखल्यासाठी राज्यात पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्राची (मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची) मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे त्यावरील तारीख दरवर्षी पाहावी. अर्ज सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर करता येतो.

खरा वेळ जातो तो जातीच्या दाखल्याला आणि त्याच्या वैधतेला, म्हणजे तो दाखला पडताळून खरा ठरवून घेण्याला. जातीचा दाखला सध्या जिथे राहतो तिथे मिळत नाही. ठरावीक तारखेला पूर्वज ज्या जिल्ह्यात राहत होते, तिथल्या प्राधिकाऱ्याकडून तो घ्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. म्हणजे सोलापूरहून किंवा बीडहून आलेल्या कुटुंबाला आजोबांचा शाळेचा दाखला, गाव नमुना नंबर चौदाचा (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा) उतारा किंवा जुना फेरफार शोधायला मूळ गावीच जावे लागते. जुन्या दप्तरातील मोडी लिपीतली नोंद वाचून देणारा माणूस शोधण्यातही दिवस जातात. परराज्यातून आलेल्यांना त्यांच्या राज्यातील जातीच्या दाखल्यावर इथल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, हे त्यांनी आधीच धरून चालावे. दाखला हाती आला की वैधतेचा अर्ज अकरावीच्या सुट्टीत किंवा बारावीच्या सुरुवातीला जिल्हा जात पडताळणी समितीकडे करावा, महाविद्यालयाकडून त्यासाठी लागणारे पत्र घ्यावे आणि अर्ज क्रमांक जपून ठेवावा.

प्रवेश निश्चित करताना महाविद्यालय शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत ठेवून घेते. म्हणून ती देण्यापूर्वी सर्व कागदांच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढाव्यात, प्रत्येकाचे स्वच्छ स्कॅन मोबाईलमध्ये आणि ई-मेलवर ठेवावे, आणि जुलैच्या पावसात एसटीने निघताना मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घालावेत.